मदत हवी आहे: वेण्णेच्या ओढ्यात बंगल्यांचं सांडपाणी

आमचं गाव महाबळेश्वर तालुक्यात, २००१ च्या अधिसूचनेतल्या इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात). वरच्या उतारावर बंगल्यांची स्कीम झाली आणि वेण्णा नदीला मिळणाऱ्या ओढ्यातल्या दगडांवर राखाडी, बुळबुळीत थर धरला. बंगल्यांचे शोषखड्डे ओढ्यापासून जेमतेम पंधरा पावलांवर. खाली जांभा दगड, पाणी लगेच झिरपतं. याच पाण्यावर स्ट्रॉबेरी, गुरंही इथंच पितात. बघून जीव तुटतो.

ग्रामपंचायतीत अर्ज, माहिती अधिकार, फोटो, सगळं झालं. ‘बांधकामाला परवानगी आहे’ एवढंच उत्तर. बंगले पाडा असा आमचा हट्ट नाही, सांडपाणी थांबावं. वकील परवडणारा नाही.

आता ओढ्याच्या पाण्यात बीओडी (सेंद्रिय घाण किती ते सांगणारं माप) आणि ई-कोलाय (मैल्यातले जिवाणू) यांची तपासणी करायची आहे. नमुना आम्हीच भरून दिला तर पुरावा धरतात का, की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानंच घ्यावा लागतो? तसं असेल तर अर्जात नेमकं काय मागायचं?