मदत हवी आहे: स्टॅम्पपेपरवर सही मागतायत, घटस्फोटाची सुरुवात कुठून करू?

आठवडाभर लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

लग्न २०१८ मध्ये कराडला झालं, संसार पुण्यात कोथरूडला. दीड वर्षापासून चार वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आहे, कोरेगाव तालुक्यात. मारहाण नव्हती. पण महिनोन्‌महिने अबोला, पगार कुठे जातो याचा पत्ता नाही आणि दारात वसुलीची माणसं. दोनदा बैठक झाली, मी परत नांदायला गेलेही. आता जायचं नाही, हे नक्की.

गेल्या रविवारी मोठे दीर आणि नणंदेचे यजमान आले. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘फारकतनामा’ टाइप करून आणला होता. माझ्या नावापुढे पेन्सिलने फुली, सही इथे करा म्हणून. तिसऱ्या कलमात ‘पोटगी, स्त्रीधन व इतर सर्व हक्क राजीखुशीने सोडत आहे’. नोटरी केली की विषय संपला, म्हणाले. चहा होईपर्यंत बाबांनी तो दोनदा वाचला आणि ‘विचार करून कळवतो’ म्हणून ठेवून घेतला. माझ्या पाटल्या आणि हार अजून सासूबाईंच्या कपाटात आहेत.

या कागदाने घटस्फोट होतो का? अर्ज पुण्यातच करावा लागेल का? बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सोबतीला कुणी नाही. शिवणकामातून महिन्याला पाच-सहा हजार सुटतात, त्यात वकिलाची फी कशी भागवू?

कृष्णाकाठ:
ताई, सही करू नका. नोटरी झाली म्हणून घटस्फोट होत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ खालचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. काही समाजांत रूढीची फारकत चालते, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. या कागदाच्या भरवशावर कुणी दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा ठरू शकतो.

ते राजी असतील तर कलम १३ब, म्हणजे परस्परसंमती. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालंय. दोघांचा एकत्र अर्ज, मग सहा महिने थांबून पुन्हा दोघांनी कोर्टासमोर यायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून कोर्ट योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करू शकतं. पोटगी, मुलीचा ताबा, दागिने सगळं संमतीच्या अटींत लिहून घ्या, तोंडी काही ठेवू नका. ते फिरले तर कलम १३ खाली एकटीचा अर्ज. मानसिक छळही क्रूरतेत येतो. परित्यागाला मात्र सलग दोन वर्षं लागतात.

आणि पुण्याला जायची गरज नाही. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करू शकते. कुटुंब न्यायालय नसेल तिथे हे दावे दिवाणी न्यायालयात चालतात.

दीपमाळ:
फीची काळजी सोड गं. विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. साताऱ्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात विचार. मीही असाच वकील घेतला होता, बाईंनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं.

लग्नपत्रिका, आधार, मुलीचा जन्मदाखला, सोनाराच्या पावत्या घेऊन जा. अल्बममधून पाटल्या-हार अंगावर दिसतील असे फोटो काढ. मी सहा दिले होते, त्यातल्या एकात सासूबाई स्वतः माझ्या हातात पाटल्या घालत होत्या. दावा चालू असताना कलम २४ खाली हंगामी पोटगी मागता येते. तेव्हा दोघांनाही उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, म्हणजे पगाराचं तिथे तरी कळेल. आणि तो स्टॅम्पपेपर परत देऊ नकोस, वकिलाला दाखव.

धागाकर्ती:
बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून आईच्या ट्रंकेतून अल्बम काढून आणला. बुधवारी साताऱ्याला जातेय. एकच विचारते, तारखेला मुलीला न्यावं लागतं का?

कृष्णाकाठ:
दर तारखेला नाही, कोर्टाने बोलावलं तरच. आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडेच राहतो, कायद्यातच तसं आहे. बुधवारी तिला आजीजवळ ठेवून निर्धास्त जा.