जुन्या सागवानाचा किचन ओटा करावा का?

सांगलीत जुनं घर पाडलं, त्यातल्या दीड इंची सागवानी फळ्या निघाल्यात, ओटा त्याचाच करायचं मनात आहे पण सुतार म्हणतो कडप्पाच टाका, हळदीचे डाग जाणार नाहीत. कुणी वापरलाय का?

> ताई सागवान सोडू नका. मूळचंच तेल असतं त्यात, पाण्याला टिकतं. फक्त शेगडीखाली आणि सिंकजवळ ग्रॅनाइट घ्या, आणि फळीची कापलेली टोकं, खालची बाजूपण तेल लावून घ्या, पाणी तिथूनच शिरतं.

> आमच्याकडे साताऱ्यात आहे. शेंगतेल अजिबात नको, मी लावलेलं, ते वाळतच नाही, खवट वास सुटला आणि सगळं पॉलिश पेपरनं घासावं लागलं. कच्चं जवसाचं तेल पातळ लावा, अर्ध्या तासानं पुसा, पूर्ण वाळू द्या मग दुसरा हात. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतं! पाण्यात भिजवून बाहेर पसरून वाळवा.

> हळद उन्हानं फिकी पडते, आमच्या खिडकीजवळचा डाग तसाच गेला. खरा त्रास ओल्या लोखंडी तव्याचा, रात्रभर राहिला की सकाळी काळं वर्तुळ.

> सगळ्यांना थँक्यू, सुताराला उद्याच सांगते.