हॅक, फ्रीक, फिशिंग: कशाला काय म्हणायचं?

मुलुंडकर: सोसायटीच्या फलकासाठी सूचना लिहितोय. इथे सगळ्यालाच ‘हॅक झालं’ म्हणतात. आणि फिशिंगच्या स्पेलिंगमध्ये ‘एफ’ऐवजी ‘पीएच’ का?

लॅमिंग्टनरोड: तो ‘पीएच’ फोनचा. अमेरिकेत १९६०-७०च्या दशकांत फोनयंत्रणेला चकवणारे ते ‘फ्रीक’, तेही ‘पीएच’नेच. ‘एटी अँड टी’ या तिथल्या फोनकंपनीची लांब पल्ल्याची लाइन रिकामी असली की तिच्यावर २६०० हर्ट्झचा सूर चालू असे. टोल-फ्री नंबर लावायचा आणि मध्येच तो सूर वाजवायचा. पलीकडच्या एक्स्चेंजला वाटे फोन ठेवला. आपल्या बाजूच्या एक्स्चेंजच्या लेखी मात्र टोल-फ्री कॉल चालूच. मग त्याच लाइनवर जोडसुरांनी (एकदम वाजणाऱ्या दोन सुरांनी) हवा तो नंबर फिरवायचा, बिल शून्य! न्याहारीच्या सिरीयलच्या डब्यात फुकट मिळणारी शिट्टीसुद्धा हा सूर काढी. संकेत (कॉल जोडण्या-तोडण्याचे सूर) आणि संभाषण एकाच वाटेने जात, खोट तिथे होती. संकेतांची वाट वेगळी झाली आणि खेळ आटोपला.
१९९०च्या दशकाच्या मध्यावर ‘एओएल’ या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांकडून पासवर्ड उकळणाऱ्यांच्या ‘मासेमारी’ला तोच ‘पीएच’ चिकटला.

गिरगावकर: ‘हॅक’ त्याआधीचा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मॉडेल रेल्वे क्लबात हॅक म्हणजे चलाख करामत. ‘जुगाड’ जवळचा वाटतो, पण जुगाडात काम भागलं की झालं, हॅकला कसब लागतं. चोरांसाठी जुन्या हॅकर मंडळींनी १९८५च्या सुमारास ‘क्रॅकर’ काढला. वर्तमानपत्रांनी काही तो घेतला नाही. आपल्या २०००च्या आयटी कायद्यात कलम ६६चं शीर्षक हॅकिंगचंच होतं, २००८च्या दुरुस्तीत ते जाऊन ‘संगणकाशी संबंधित गुन्हे’ आलं. तेव्हा तक्रारीत नुसतं ‘हॅक झालं’ नको, काय घडलं ते लिहा.

मुलुंडकर: कुरिअरवाला म्हणून फोन येतो, *२१* पुढे एक नंबर दाबायला लावतो, नंतर व्हॉट्सअ‍ॅप जातं. हे कशात मोडतं?

लॅमिंग्टनरोड: ही फोनवरची फिशिंग, म्हणजे ‘विशिंग’. *२१* म्हणजे माझे सगळे कॉल त्या नंबरवर वळवा. मग तो व्हॉट्सअ‍ॅपचा कोड कॉलवर मागवतो आणि स्वतःच ऐकतो. तुमच्या फोनात शिरायची त्याला गरजच नाही. *#२१# ने तपासा, ##००२# ने वळवलेले कॉल रद्द करा, मगच व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा नोंदणी. उलट क्रमाने केलंत तर तो पुन्हा कोड मागवील. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

गिरगावकर: व्हॉट्सअ‍ॅपचा टू-स्टेप पिन (कोडशिवाय लागणारा दुसरा आकडा) आजच लावून ठेवायला सांगा. चोराने तो आधी लावला तर खातं पुरतं हातात यायला सात दिवस थांबावं लागतं.