इंग्रजीतला अ‍ॅपॉस्ट्रॉफी कुठे द्यायचा? सोपी युक्ती सुचवा

वेंधळी_लेखणी:
कामाच्या मेल इंग्रजीत लिहाव्या लागतात. बाकी निभावतं, पण शब्दाच्या शेवटी एस आला की गाडी अडते. काल एक 'इट्स' तीनदा खोडला. व्याकरणाचं पुस्तक नको, लिहिता लिहिता वापरता येईल असं काही सांगा.

जुना_मुद्रितशोधक:
आधी मराठीत म्हणून बघा. 'मुलाची खोली': अनुस्वार नाही, म्हणून बॉय, मग चिन्ह, मग एस. 'मुलांची खोली': 'ला'वर अनुस्वार आला, म्हणजे मुलं अनेक. बॉईज पूर्ण लिहा, चिन्ह एसच्या पुढे. 'दोन आठवड्यांची रजा' यालाही हेच लागू. नुसते 'मुलगे' असतील, चा-ची-चे नसेल, तर चिन्ह नाही. १९९०चं दशक म्हणायचं तरी आकड्याला थेट एस जोडा.

शंकासुर:
मग चिल्ड्रनचं काय? अनुस्वार असूनही चिन्ह एसच्या आधी!

जुना_मुद्रितशोधक:
कारण चिल्ड्रनमध्ये मुळात एसच नाही. अनेकवचन आधी पुरतं लिहायचं. शेवटी एस नसेल तर चिन्ह आणि एस दोन्ही लावायचे.

अल्पविराम:
'इट्स'ला मात्र ही युक्ती दगा देते. तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं फोडून वाचा. वाक्य जुळलं तर चिन्ह द्या. 'कंपनीने आपलं नाव बदललं' यातलं 'आपलं' तसं फुटत नाही, म्हणून चिन्ह नाही. हिज, हर्स, देअर्स यांनाही नसतंच की. आणि वाईट वाटून घेऊ नका, सतराव्या-अठराव्या शतकांत मालकीचा इट्सही सर्रास चिन्ह देऊन छापत. तुमचा गोंधळ खानदानी आहे. फोनवर मात्र भरवसा नको, तो न विचारता चिन्ह घुसडतो.

वेंधळी_लेखणी:
अनुस्वाराचं भारीच! पण 'बॉसचा निरोप'? बॉसला आधीच दोन एस आहेत.

जुना_मुद्रितशोधक:
चिन्ह देऊन तिसरा एस. दिसायला विचित्र, पण बरोबर. जेम्ससारख्या नावांत पुढचा एस काही जण गाळतात; दोन्ही चालतं, फक्त एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

वेंधळी_लेखणी:
आताच सकाळची मेल उघडून पाहिली. एक चिन्ह राहिलंय, दोन जास्तीची आहेत. आणि गेलीय ती थेट बॉसकडे.