सायकलची नवी चेन सटकते, कारण जुनं फ्रीव्हील

भाऊ, नवी चेन टाकूनही जोर लावला की सटकते म्हणता, तर दोष चेनचा नाही, फ्रीव्हीलचा (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचा) वाटते. जुनी चेन लांबली की ती फ्रीव्हीलचे दातेही स्वतःच्या मापानं झिजवते, मग नवी त्यावर बसत नाही. माझं हेच झालं होतं. दुकानदारानं दोनदा चेन बदलून दिली, फ्रीव्हीलकडं पाहिलंही नाही.

आता मी घरीच मोजतो. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच. चेन ताणून धरायची अन् स्टीलचा टेप एका पिनेच्या मधोमध लावायचा. पंचविसावी पीन 12 इंचाच्या पुढं 1 सूत (इंचाचा आठवा भाग) गेली तर चेन 1 टक्का लांबली, फ्रीव्हीलही बहुतेक गेलं. अर्ध्या सुतावरच चेन बदलली तर फ्रीव्हील वाचते. पोरांची पट्टी घेऊ नका, ती तिथंच संपते!

आकडा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहितो. ब्रेकचे रबर कधी बदलले तेही तिथंच.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चिकटते अन् उन्हाळ्यात धूळ होऊन तेलात बसते, ते तर पॉलिश पेपरच. म्हणून आधी रॉकेल नाहीतर डिझेलनं धुवा, वाळवा, मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब तेल, वरून फडक्यानं पुसा. गाडीचं जळकं ऑइल ओतू नका बाप्पा.

फ्रीव्हीलचे दाते एका बाजूनं वाकडे, टोकदार दिसतात काय, तेवढं पाहून सांगा.