विषय: पुण्याला पाठवायची फराळाची यादी

सप्रेम नमस्कार,
फराळाची मागणी नोंदवण्याची मुदत काल संपली. नावे, पत्ते, फोन आणि पदार्थ अशी संपूर्ण यादी आज रात्री पुण्याच्या पुरवठादारांकडे गेली नाही, तर खेप दिवाळीआधी येथे पोहोचणार नाही. खजिनदारांनी यादी का अडवली आहे, हे कळावे.
– चिटणीस

यादीत 'मधुमेह, बिनसाखरेचे लाडू' असा रकाना आहे. ही आरोग्यविषयक माहिती असून जीडीपीआरच्या (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या युरोपीय कायद्याच्या) ९व्या कलमानुसार तिच्यासाठी स्पष्ट संमती हा सरळ मार्ग आहे, आणि आपल्या फॉर्मवर ती मागितलेलीच नाही. मागणी पुरी करण्यासाठी आवश्यक तेवढा तपशील ४९व्या कलमाखाली प्रसंगी भारतात पाठवता येईलही; पण चकल्या तळणाऱ्याला आपले फोन नंबर कशाला हवेत? मागच्या पुरवठादाराने ते थेट जाहिरातींच्या गटात घातले होते आणि आंब्याच्या पेट्यांचे निरोप जूनपर्यंत येत होते.
– खजिनदार

आंबे उत्तम होते, एवढे नमूद करतो. आपण मंडळ आहोत, दुकान नव्हे. मी अध्यक्ष असताना ही यादी वहीत असे आणि वही आमच्या स्वयंपाकघरात. तेव्हा कोणाचेही काही बिघडले नाही.
– माजी अध्यक्ष

अण्णा, वही घरात असली तरी काम मंडळाचेच होते, त्यामुळे कायद्यातील घरगुती वापराची सवलत येथे लागू होत नाही. स्वीडनमधील एका चर्चच्या स्वयंसेविकेने सहकाऱ्यांची माहिती संकेतस्थळावर टाकली होती. त्यात एकीचा पाय दुखावल्याचा उल्लेख होता. जुन्या कायद्याखालीही २००३ साली युरोपीय न्यायालयाने तो आरोग्याचा तपशील मानला आणि धर्मादाय कामाची सबब स्वीकारली नाही.
– एक सभासद (फराळ समितीचा फॉर्म मी केलेला नाही, हेही नोंदवते)

फॉर्म मीच केला होता आणि रकाना सभासदांच्याच आग्रहावरून घातला होता. असो. पुण्याला केवळ पदार्थांची संख्या आणि डब्यांचे क्रमांक कळवते. नावांची लेबले आपण येथे चिकटवू आणि आजाराचा रकाना आजच पुसून टाकते. शनिवारी लेबलांसाठी चार जण हवेत.
– चिटणीस

मी येतो. बिनसाखरेचे दोन डबे माझेच आहेत, ही माझी स्पष्ट संमती समजावी.
– माजी अध्यक्ष