बुजऱ्या कुत्रीसाठी घर शोधतेय : तुमचे अनुभव सांगा

आमच्या निवाऱ्यात एक कुत्री आहे. आम्ही तिला सावली म्हणतो. रस्त्यावरून आणलं त्याला दोन वर्षं झाली, वय अंदाजे चार. तब्येत ठणठणीत, सगळ्या लसी झाल्यात, नसबंदी झालीय. कुणाला चावणं सोडाच, ती साधी गुरगुरलेलीही नाही. पण कुणी बघायला आलं की मागच्या भिंतीला अंग चिकटवून तोंड कोपऱ्यात खुपसते. लोक दोन मिनिटं थांबतात, हळहळतात आणि शेजारच्या पिंजऱ्याकडे वळतात. तिथे कुणीतरी जाळीवर पुढचे पाय टेकून शेपूट हलवत उभं असतं.

मी दर रविवारी तिच्या पिंजऱ्यात तिच्याकडे पाठ करून तासभर बसते. असे चौदा महिने गेले. गेल्या महिन्यात तिने पहिल्यांदा माझ्या पाठीला नाक लावलं. मी हलले नाही, पण डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. हिला घर मिळवून द्यायचंच, हे तेव्हाच ठरवलं.

अशा कुत्र्याला घरी आणलेल्यांनी पहिले दिवस कसे काढले? आणताना तुम्हाला काय सांगायला हवं होतं? आणि ज्यांना जमलं नाही, त्यांनी तर नक्की लिहा. तेच सहसा कुणी सांगत नाही.

*

आमची राणी पहिले अकरा दिवस कपाटामागे होती. घरात कुत्रं आहे हे फक्त सकाळी रिकामी झालेली वाटी पाहून कळायचं. खाणं, पाणी, शी-शू, सगळं आम्ही झोपल्यावर.

पहिली चूक मी तिसऱ्याच दिवशी केली. बहिणीची मुलं बघायला आली होती, म्हणून तिला ओढून बाहेर काढलं. ती ताठ झाली, हूं की चूं नाही. मला वाटलं, शांत झाली. ती शांत झाली नव्हती, भीतीने थिजली होती. पुढचे चार दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही.

बरेच जण तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं गणित सांगतात : तीन दिवसांत जरा सावरतं, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत आपलं होतं. माणसाळलेल्या कुत्र्याला ते लागू पडत असेल. राणीने माझ्या हातून खायलाच पाच महिने घेतले. त्या गणिताकडे बघत राहिलो असतो तर चौथ्याच आठवड्यात हात टेकले असते.

खरा फरक पडला तो खाऊ कसा द्यायचा हे कळल्यावर. मी हात पुढे करून बोलवायचो. भुकेपोटी ती तिच्या धीरापेक्षा जास्त जवळ यायची, घास संपला की आपण कुठे येऊन पोचलो ते ध्यानात यायचं आणि दचकून पळायची. म्हणजे जवळ येण्याचा शेवट रोज धसक्यानेच व्हायचा. मग एका जाणत्या माणसाने सांगितलं की तुकडा तिच्या मागे टाक. ती लांब जाऊन खाते, जिवाला जरा मोकळं वाटतं, आणि पुढच्या तुकड्यासाठी आपण होऊन वळते. यायचं की नाही हे तीच ठरवते. मी जमिनीवर तिरका बसून मोठ्याने पुस्तक वाचायचो आणि मधूनमधून तुकडा मागे टाकायचो. हळूहळू तिची भीड चेपली.

*

आमची गोष्ट वेगळी आहे, लिहिताना अजून हात थरथरतो. आणल्याच्या दुसऱ्या दिवशी, गाडीच्या आवाजाला बिचकून आमचा कुत्रा मागे सरकला आणि गळ्यातला पट्टा डोक्यावरून निसटला. आम्ही हाका मारत मागे धावलो. घाबरलेल्या कुत्र्याला ती हाक नसते, तो पाठलाग असतो. तो आणखी लांब गेला.

नऊ दिवसांनी सापडला. शोधणाऱ्यांनी पहिलं काय केलं असेल तर सगळ्यांना हाका मारणं बंद करायला लावलं. तो ज्या भागात दिसला होता तिथे एकाच जागी, ठरावीक वेळी खाणं ठेवलं, शेजारी माझी वापरलेली चादर. तो तिथे नेमाने यायला लागल्यावर त्याच जागी पिंजरा लावला.

तेव्हा ताई, सावली ज्या घरी जाईल त्यांना हे आधी सांगा. नुसता गळपट्टा चालत नाही. बरगड्यांच्या मागून आणखी एक पट्टा जाणारं हार्नेस (छातीभोवती अंगात घालायचे पट्टे) आणि गळपट्टा दोन्ही हवेत, दोन्हींना वेगळी दोरी. बाहेरचं दार उघडताना मधलं दार बंद. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, निघण्याआधीच बसवून तिची नोंद नव्या घराच्या फोन नंबरावर करा आणि तोच नंबर गळ्यातल्या बिल्ल्यावर घाला. चिप वाचायला यंत्र लागतं, बिल्ला कुणालाही वाचता येतो.

*

आमची चार वर्षांनंतरही पाहुणे आले की पलंगाखाली जाते. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता तिथे एक गादी घालून ठेवलीय. पाहुणे गेले की येते, रात्री माझ्या पायाशी झोपते. माझी काही तक्रार नाही, बहुतेक तिचीही नसावी.

*

मी जनावरांची डॉक्टर आहे. माझ्याकडे अशी कुत्री घेऊन येणारे बहुतेक सगळे म्हणतात, "हिने खूप मार खाल्ला असणार." तसं असेलच असं नाही. पिल्लाचं मन साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. त्या काळात माणसाचा हात, घराचे आवाज अनुभवलेच नाहीत, तर कुणी काठी न उगारताही ते पिल्लू माणसांना घाबरत मोठं होऊ शकतं. रक्तातूनही भित्रेपणा येतो. हे अशासाठी सांगते की "मी कधी मारणार नाही, मग घाबरायचं कारण काय" असं म्हणणारा माणूस दोन महिन्यांत खट्टू होतो.

भीतीची भाषा ओळखा : भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसणं, कान मागे पाडून अंग चोरणं. ही दिसली की एक पाऊल मागे या. याकडे काणाडोळा झाला तर कुत्र्याकडे गुरगुरणंच उरतं. आणि गुरगुरण्यावर कधीही रागावू नका. तो इशारा दाबला तर पुढच्या वेळी इशाऱ्याशिवाय दात लागतील.

दुखणं आहे का तेही एकदा तपासून घ्या. दात, कान, कंबर दुखत असेल तर हात लावू न देण्याचं कारण तिथेच असू शकतं. भीती फार खोल असेल तर औषधाचा संकोच नको. फ्लुओक्सेटिनसारखं औषध लागू पडायला चार ते सहा आठवडे लागतात, त्याने कुत्रं गुंगीत राहावं असा हेतू नसतो. शिकता येईल इतकी भीती खाली आणायची, बाकीचं काम सवयीने होतं. मनाने काही देऊ नका. माणसांच्या गोळ्या तर नाहीच.

आणि घाबरलेलं कुत्रं आपणहून तुम्हाला येऊन चिकटलं तर खुशाल जवळ घ्या. थोपटल्याने भीती वाढत नाही.

*

ताईंनी न जमलेल्यांना लिहायला सांगितलंय, म्हणून लिहितो. आम्ही सव्वीस दिवसांनी परत दिलं.

आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. दिवसातून तीनदा खाली न्यायचं म्हणजे सहा वेळा लिफ्ट. तो बंद डबा, दार उघडलं की समोर अनोळखी पाय. ती थरथरत लिफ्टमध्येच लघवी करायची. घरात दोन लहान मुलं. मुलं तिला जीव लावत होती, पण मुलं धावणारच. पंचविसाव्या दिवशी मुलीने खाली वाकून गळ्यात हात टाकला तेव्हा ती गुरगुरली. चावली नाही. पण आमच्या घरात तिला दिवसभरात एक निवांत कोपरा मिळत नव्हता, हे त्या रात्री आम्ही दोघांनी कबूल केलं.

परत सोडताना मी गाडी चालवू शकलो नाही, बायकोने चालवली. दोन महिन्यांनी तिला तळमजल्यावरचं, कुंपणाच्या अंगणाचं घर मिळालं. फोटोत ती उन्हात आडवी पसरलेली होती. आमच्याकडे ती कधी आडवी झोपलीच नव्हती. कितवा मजला, लिफ्ट आहे का, मुलं किती वर्षांची, हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.

*

मी कायमचं घर मिळेपर्यंत कुत्री सांभाळते. बुजऱ्या कुत्र्याचा सगळ्यात चांगला शिक्षक म्हणजे धीट, समंजस दुसरं कुत्रं. माझा म्हातारा कुत्रा रोज माझ्या हातून खायचा, नवीन आलेली लांबून बघायची. विसाव्या दिवशी ती त्याच्या मागे उभी राहिली. फक्त पुढे ती त्याच्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकेना, म्हणून रोज थोडा वेळ दोघांना वेगळं ठेवावं लागलं.

आणि ताई, "बिचारी" म्हणून जाहिरात करू नका. कळवळ्याने फोन खूप येतात आणि तितक्याच लवकर थांबतात. ती ओळखीच्या माणसाबरोबर कशी वागते त्याचा व्हिडिओ काढा, कोपऱ्यातला फोटो नको. एकाच भेटीत देऊन टाकू नका. घ्यायला येणाऱ्यांना पाच-सहा वेळा येऊ द्या. त्यांच्या घरातलं पांघरूण तिच्या पिंजऱ्यात ठेवा, म्हणजे जाईल तेव्हा निदान वास तरी ओळखीचा असेल.

*

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहितेय. तुमचं सगळं दोनदा वाचून काढलं. लिफ्टचा अनुभव वाचून मी आमचा अर्जच बदलून घेतला.

जाहिरात अशी केली : "सावली तुमच्या अंगावर उड्या मारणार नाही. कदाचित काही महिने हातही लावू देणार नाही. तिला लहान मुलं नसलेलं, शांत, शक्यतो तळमजल्यावरचं घर हवंय. घरात धीट कुत्रं असेल तर उत्तम." आधीच्या जाहिरातीला चाळीसेक फोन आले होते. या वेळी तीन आले.

त्यातल्या एक बाई चार रविवार आल्या. घरी एक शांत कुत्रा आहे. पहिल्या दिवशी मी काही सांगायच्या आत त्या पिंजऱ्यात पाठ करून बसल्या. तिसऱ्या रविवारी मागे टाकलेला तुकडा सावलीने त्या आत असतानाच खाल्ला. चौथ्या रविवारी त्या त्यांच्या कुत्र्याची चादर ठेवून गेल्या.

घरी न्यायची तारीख अजून ठरवलेली नाही. आधी हार्नेसची सवय करतोय. ते तिच्यासमोर नुसतं जमिनीवर ठेवायचं आणि आजूबाजूला तुकडे पसरायचे. आज तिने त्यावर पाय ठेवला.